सानगडीला न गेलेली गाडी

आमच्या मोठ्या बाबांनी गाडी घेतली, तेव्हा त्यांना गाडी लागते ही गोष्ट घरात एकाच माणसाला ठाऊक होती. ते माणूस म्हणजे मोठी आई, त्यांची बायको.

मोठे बाबा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. भंडाऱ्यात त्यांचा कोशाच्या रेशमी कापडाचा व्यापार होता. आसपासच्या विणकरांकडून लुगडी-धोतरं घ्यायची आणि नागपूर-रायपूरच्या दुकानदारांना विकायची. व्यापार बरा चालला, तसं चार लोकांनी डोक्यात भरवलं की शेठ, आता दाराशी गाडी पाहिजे. त्यांनी घेतली. सायीच्या रंगाची, गोल नाकाची ॲम्बेसेडर. नागपूरहून ती आणताना ते मागच्या सीटवर बसून मौद्यापर्यंत हसत आले आणि तिथून भंडाऱ्यापर्यंत मुंडकं खिडकीबाहेर काढून आले. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, शेठ दर्शन देत चालले आहेत.

त्या दिवसानंतर गाडी घरामागच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. मोठ्या बाबांना आगगाडी लागत नसे, सायकल लागत नसे, बैलगाडी तर आवडायची. पेट्रोलचा वास आला की मात्र संपलं. पण म्हणून त्यांनी गाडी वापरली नाही असं कोणी म्हणू नये. रोज दुपारी जेवण झालं की ते शेडमध्ये जाऊन मागच्या सीटवर बसत. सीटला त्यांनी कोशाची खोळ शिवून घेतली होती. दार उघडं, पाय बाहेर, हातात पेपर, बॉनेटवर चहाचा कप. कोणी भेटायला आलं की आम्हा पोरांना सांगायला शिकवलं होतं, "शेठ गाडीत आहेत." त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

आणि दसऱ्याला गाडी बाहेर निघायची. बैलांनी. ओळखीच्या शेतकऱ्याची जोडी यायची, पुढच्या बंपरला दोर बांधला जायचा, झेंडूच्या माळा चढायच्या आणि गाडी सोनं लुटायच्या मैदानापर्यंत जाऊन वाजतगाजत परत यायची. ह्या एका फेरीत मोठे बाबा राजासारखे आत बसत, कारण बैलांना पेट्रोलचा वास येत नाही. शिवाय त्यांचा एक हिशेब होता. इंजिन बंद म्हणजे मीटर बंद. मीटर बंद म्हणजे गाडी नवी. हा हिशेब त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवला होता की मला तो पाढ्यांसारखा पाठ झाला होता, आणि माझे पाढे किती पक्के आहेत हे माझ्या बायकोला विचारा.

ह्या सगळ्यात अडकली ती मोठी आई. तिचं माहेर सानगडीचं, साकोलीच्या पुढे. तलावाखाली धानाची शेती, घरात मोठा भाऊ आणि त्याची बायको. ही वहिनी, म्हणजे आमची सानगडीची मामी, बोलण्यात अशी की समोरच्याचा घास हातातच राहावा. गाडी घेतल्याची बातमी मोठी आई स्वतः माहेरी घेऊन गेली. एस.टी.नं.

मामीनं पाणी देता देता विचारलं, "गाडी घेतली म्हणता, मंग येश्टीनं काहून आल्या, बाई?"

आता नवऱ्याला गाडी लागते हे माहेरी सांगायचं कसं? मोठी आई म्हणाली, "ड्रायव्हर सुटीवर हाय."

तो ड्रायव्हर मोठे बाबा जिवंत असेपर्यंत सुटीवर होता. दर भाऊबीजेला मामी त्याची चौकशी करायची. "आला का वो ड्रायव्हर? का त्याची बायको बाळंत झाली पुन्हा?" मोठ्या आईनं एकटीनं गाडीतून जावं, तर मोठे बाबा अडवत. "मी नाही बसलो आन् तू एकटी गेली, तं लोक विचारतीन ना, शेठ काहून नाही आले?" तेही खरंच. मग बैलांची गोष्ट कोणाच्या तरी तोंडून सानगडीला पोचली आणि मामीला आयतं कोलीत मिळालं.

माझ्या लग्नाला मामी भंडाऱ्याला आली होती. मोठ्या आईनं तिचा हात धरला. "चाल वहिनी, शेडमंधी गाडी दाखवते."

मामी जागची हलली नाही. भर मांडवात म्हणाली, "मी कायले पाहाले येऊ? चालणारी असंल तं तीच येईल सानगडीले."

सगळे हसले. मीही हसलो. मुंडावळ्या बांधलेल्या माणसाला कशावरही हसू येतं. मोठी आई हसली नाही, हे मला बायकोनं नंतर सांगितलं. म्हणजे माझ्याच लग्नात माझ्या घरात काय चाललंय, ते नवी आलेली मुलगी पाहत होती.

मोठे बाबा गेले. काही वर्षांनी शेड पाडून तिथे भाड्यानं द्यायला दोन खोल्या बांधाव्यात असा घरात विचार निघाला, आणि गाडीचं काय करायचं हे बघायला म्हणून मी ताडपत्री उचलली. मी सरकारी कचेरीत बाबू आहे. सौंदर्य वगैरेशी माझा संबंध वर्षातून एकदा भिंतींना चुना लागतो तेवढाच. पण त्या दिवशी त्या गोल नाकाच्या गाडीवर तिरपा उजेड पडला होता आणि माझ्या आत काहीतरी हललं. बायकोच्या मते ते ताडपत्रीखालचे उंदीर होते.

आत वाकून मीटर पाहिलं. तीन शून्यं आणि पुढे आठ-सात. सत्त्याऐंशी किलोमीटर! माझी सायकल ह्याच्या कितीतरी पट जास्त चालली असेल.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा मोबाईलवर एक ग्रुप असतो. मी त्यात शिरलो आणि मीटरचा फोटो टाकला. आधी कोणी विश्वासच ठेवेना. एकानं विचारलं, मीटर पूर्ण फिरून परत शून्यावर आलंय का? दुसऱ्यानं विचारलं, गाडी आहे की खेळणं? मग मी आतल्या छताचा, पायाखालच्या रबराचा, दाराच्या आतल्या न पुसलेल्या रंगाचा फोटो टाकला. थोड्या वेळानं कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढे अनोळखी लोकांनी हात जोडले होते. कचेरीत जोडतात, पण ते दाखल्यासाठी. त्या हिवाळ्यात नागपुरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. सगळ्यात कमी धावलेल्या गाडीला वेगळं बक्षीस होतं. मी झोपेतसुद्धा सत्त्याऐंशी म्हणू लागलो.

हायवेच्या कडेला ज्याचं गॅरेज होतं तो मिस्त्री माझ्याच वयाचा होता आणि त्याचं एकच वाक्य होतं : "होऊन जाईल, भाऊ." पेट्रोलची टाकी गंजली होती. होऊन जाईल. ब्रेक आवळून बसले होते. होऊन जाईल. टायरची नक्षी कोरी होती, पण रबराला उन्हाळ्यात आटलेल्या बोडीच्या तळासारख्या भेगा गेल्या होत्या. होऊन जाईल. सीटच्या पोटातल्या काथ्यात उंदरांच्या तीन पिढ्या नांदून गेल्या होत्या, पण वरची कोशाची खोळ त्यांनी कुरतडली नव्हती. भंडाऱ्याचे उंदीर, त्यांनाही कापड कळतं. एका चाकाची चकचकीत टोपी हरवली होती. ती कुठेच मिळेना, तेव्हा गावातल्या भांडी घडवणाऱ्याकडून पितळेची ठोकून आणली. त्यानं मन लावून केली आणि सवयीनं मधोमध धरायची कडीही बसवून दिली. ती कडी मी कापून घेतली, तरी ते चाक लांबून भाताच्या गंजावरच्या झाकणासारखंच दिसत होतं.

रंगासाठी गाडी शेडमधून अंगणात काढायची होती. मी मिस्त्रीला बजावलं, इंजिन सुरू झालं तरी चालवायची नाही, ढकलायची. स्टिअरिंगवर बायको बसली, कारण ह्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असतो आणि मी आदल्याच दिवशी इंजिन तपासताना पहिला टाकायला जाऊन मागचा टाकला होता. धुण्याचा दगड तेव्हापासून दुसऱ्या जागी आहे. बायकोच्या माहेरी ट्रॅक्टर होता. तिला गिअर कळतात, आणि मला गिअर कळत नाहीत हेही कळतं.

आम्ही दोघं मागून ढकलत होतो. एकदम ती ओरडली, "अहो, थांबा! हे आकडे फिरून राहिले!"

मिस्त्री म्हणाला, "होऊच नाही शकत, वहिनी. इंजिन बंद हाय."

"इंजिन बंद आहे, पण तुम्ही दोघं चालू आहात ना?"

मी धावत पुढे येऊन पाहिलं. शेवटचं बारकं घर अर्धं सरकलं होतं. मिस्त्रीनं मान आत घातली, वर काढली, आणि आपल्याला हे आधीपासून ठाऊक होतं अशा चेहऱ्यानं बिडी पेटवली. मी मात्र पायरीवर बसलो. नागपूरहून घरी यायचे साठ-पासष्ट धरले, तर वरचे सगळे बैलांनी ओढलेले होते. मोठ्या बाबांचा हिशेब, आमचा घराण्याचा पाढा, चुकला होता. इतकी वर्षं दर दसऱ्याला ते मागे राजासारखे बसून आपली गाडी जुनी करत होते.

"एका अर्थी जगात आपलीच एक गाडी असेल, जी बैलांवर इतकी चालली," बायको म्हणाली. हे तिनं ग्रुपवर लिहू नये म्हणून मला तिला साकोलीच्या दुकानातली साडी कबूल करावी लागली.

रंग झाला. गाडी उन्हात उभी राहिली की बघत राहावंसं वाटे. मी कचेरीतून आलो की चप्पल काढून तिच्याभोवती फेरी घालायचो. शेजारी विचारायचे, फिरवून कधी आणता? मी असा हसायचो, जसं कोणी देवाची मूर्ती फिरवायला मागितली आहे.

त्याच सुमाराला सानगडीहून मामीच्या मुलाचा फोन आला. मोठ्या आईशी बोलणं धानाच्या भावाचं होतं, पण शेवटी म्हणाला, आईचे दोन्ही डोळे गेल्यात जमा आहेत. मोतीबिंदू पिकलाय आणि ऑपरेशनचं नाव काढलं की उठून निघून जाते. उजेड-अंधार कळतो, समोर माणूस आहे एवढं कळतं, बस.

मोठ्या आईनं फोन माझ्या हातात परत दिला. थोडा वेळ तिनं तांदूळ निवडले. मग ताट बाजूला सरकवून अंगणात आली आणि मी फडकं मारत होतो त्या गाडीला पहिल्यांदाच हात लावला.

"कवा जाऊन राहिलो सानगडीले?"

"कशानं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"कशानं म्हणजे? तिचे डोळे पुरते जाऊन राहिले, बापू. येवढी वर्षं खोटारडी म्हणून घेतलं मी तिच्याकडून. आता तिले दिसणं बंद झालं, तं मी कोणाले दाखवू?"

मी हिशेब केला. इथून लाखनी, तिथून साकोली, मग आत सानगडी. जाऊन-येऊन शंभराच्या वर. म्हणजे मोठ्या बाबांनी जन्मभर जपलेलं मीटर एका दिवसात दुपटीहून पुढे. मी म्हणालो, "मोठी आई, प्रदर्शन होऊन जाऊ दे ना आधी."

"प्रदर्शन नागपूरले हाय. माझी वहिनी सानगडीले हाय."

मी कचेरीतला माणूस. कोणतंही काम नाकारायचं नसतं आणि करायचंही नसतं, मधला मार्ग काढायचा असतो. दोन दिवसांनी मी तो घेऊन आलो. गाडी ट्रकवर चढवायची, सानगडीच्या वेशीपाशी भातगिरणीच्या ओट्यावर उतरवायची, आणि तिथून मामीच्या दारापर्यंत चालवत न्यायची. मीटर वाचतं, मान राहतो.

मोठी आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आन् मी कुठं बसू? ट्रकमंधी, का ट्रकवरच्या गाडीमंधी?"

"कुठंही."

"मी काय धानाचा कट्टा हावो का रे, की मले ट्रकवर चढवून गिरणीवर उतरवतेस?"

बायको आत गेली आणि तिच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता.

मधला मार्ग मिस्त्रीनंही काढला. चहा पिता पिता तो म्हणाला, "भाऊ, येवढं टेन्शन कायले घेता? मीटरची तार चाकाकडून येते." हे आता त्याला पक्कं ठाऊक होतं. "खालून तार काढून टाकतो. रायपूरले जाऊन या, आकडा हलला तं माझं नाव बदला. घरी आले की परत लावून देतो. होऊन जाईल."

मला इतका आनंद झाला की मी त्याला दुसरा कप मागवला. मोठी आई माझ्या मागेच उभी होती.

"म्हणजे गाडी जाईल, पन कुठं गेली नाही असं दाखवंल?"

"हो!" आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

"मंग तं मी नाही गेली," ती म्हणाली.

"अगं, जाशील ना! फक्त आकडा—"

"आकडाच पाहिजे मले." तिनं माझ्या खांद्यावर हात टेकला आणि खाली पायरीवर बसली. "तू त्या काचंतल्या आकड्याले पाहून खुश होतेस. लोकाले फोटो पाठवतेस, पाहा कमी चालली, पाहा कमी चालली. ती कमी कशी झाली, मालूम हाय? मी येश्टीनं गेली म्हनून कमी झाली. येवढे वर्ष कडेवर पोर, डोक्शावर पिशवी, साकोलीले गाडी बदलून. ते सारं त्या आकड्यात मोजलं नाही, म्हनून तो लहान दिसते. आता एक बार मोजू दे ना, बापू."

मिस्त्रीनं चहाचा कप खाली ठेवला आणि बिडी शोधायला खिसे चाचपू लागला. बिडी त्याच्या कानावरच होती.

मी दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहून टाकलं की माझं नाव त्या बक्षिसाच्या यादीतून काढा. कारण विचारलं तेव्हा लिहिलं, गाडीला गावाला जायचं आहे.

निघालो त्या सकाळी धुकं होतं. मोठी आई स्वतःच्या लग्नातलं असावं असं कोशाचं लुगडं नेसून मागे बसली, तर सीटच्या खोळीचा आणि लुगड्याचा रंग एकच. वरून बघितलं तर सीटला डोकं आणि हात फुटल्यासारखे. बायको स्टिअरिंगवर. मी तिच्या शेजारी, कारण कोणीतरी रस्ता सांगायला हवा, जरी तो सरळ होता. मिस्त्रीनं बजावलं होतं, इंजिन नवंकोरं आहे, चाळिसाच्या वर जायचं नाही. त्यामुळे हायवेवर आम्हाला ट्रकांनी मागे टाकलं, ट्रॅक्टरनं मागे टाकलं, आणि लाखनीच्या अलीकडे दुधाचे कॅन लावलेल्या एका मोटारसायकलवाल्यानं बाजूनं जाताना वेग कमी करून विचारलं, "धक्का देऊ का, काका?"

मी ठरवून मीटरकडे पाहत नव्हतो. शंभर झाले तेव्हा बायकोनंच सांगितलं. "झाली बघा शंभरी." मागून मोठी आई म्हणाली, "होऊ दे."

साकोलीला रेडिएटरनं वाफ सोडली. चहाच्या टपरीपाशी थांबलो तर पाणी घालून होईपर्यंत गाडीभोवती गर्दी. पोरं फोटो काढत होती. कोणी विचारलं, आजी, कोणाची गाडी? मोठ्या आईनं काच खाली केली. खाली करायला तिला वेळ लागला, कारण हे ती पहिल्यांदाच करत होती. "माझ्या मालकाची," ती म्हणाली. "त्याईले लागे ना गाडी. उलटी होय त्याईले. म्हनून ठिवून दिली होती."

इतकी वर्षं जे तिनं सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं, ते साकोलीच्या टपरीवर अनोळखी पोरांना सांगून टाकलं. मी मागे वळून पाहिलं. ती काच वर करण्यात गुंतली होती.

साकोलीच्या पुढे रस्ता अरुंद. दोन्हीकडे धान कापलेल्या बांध्या, तणसाचे ढीग, तलावात शिंगाड्यांच्या वेली. सानगडीत शिरलो तसं मोठ्या आईनं फर्मान सोडलं, "हॉरन मार." बायकोनं मारला. "अजून." मामीच्या घरापर्यंत आम्ही लग्नाच्या वरातीसारखे वाजत गेलो.

मामी अंगणात उन्हात खुर्चीवर बसली होती. गाडी तिच्यासमोर थांबली. तिनं मान वर केली आणि डोळे बारीक केले. मोठी आई उतरली नाही. ती आत ताठ बसून राहिली. वहिनीनं गाडीपर्यंत यावं, असा हट्ट. मामी खुर्चीतून उठेना. नणंदेनं घरात यावं, असा हट्ट. मधे आम्ही नवरा-बायको आणि हळूहळू जमा होणारी अर्धी गल्ली.

शेवटी मोठी आई काचेतून म्हणाली, "आली गाडी, वहिनी."

"कोनती गाडी? मले तं काही दिसत नाही."

आता हे डोळ्यांमुळे की मुद्दाम, हे मला आजही सांगता येणार नाही. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मोठ्या आईचा चेहरा मी आरशात पाहिला. एवढं रंगवून, एवढं जपून, एवढं वाजवून आलो, आणि ज्या एका माणसाला दाखवायचं ते म्हणतंय, दिसत नाही. मला वाटलं, परत फिरावं.

मोठी आई दार उघडून उतरली. सरळ खुर्चीपाशी गेली, मामीचा हात धरून तिला उठवलं आणि चार पावलं चालवत आणून तिचा तळवा बॉनेटवर दाबून ठेवला.

"अगाई!" मामीनं हात झटकला. "पोळला व माझा हात! चुलीवानी तापलं हाय!"

"मंग? भंडाऱ्याहून चालत आली. आता ट्रकवरून उतरवली असती, तं थंडी राहती." हे म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, एवढी माझ्यावर कृपा.

मामी पोळलेली बोटं पदरात धरून उभी होती. मग दुसऱ्या हाताच्या बोटांनी, आता जपून, तिनं दिव्याची कडा चाचपली, दाराची मूठ चाचपली, काच चाचपली. उघड्या दारातून हात घालून सीटवर फिरवला आणि थांबली.

"कोसा हाय हा."

"हाव."

"तुझ्याच मालकाचे शौक." मामी हळूच आत बसली. पाय आत घेतले. मोठी आई दुसऱ्या बाजूनं जाऊन तिच्याशेजारी बसली. दोघी समोर बघत होत्या, जशा बसमध्ये अनोळखी बायका बसतात.

"बाई," मामी म्हणाली, "मी अड्याळले सांगतलं होतं."

अड्याळ म्हणजे मामीचं माहेर, पवनी तालुक्यात. मोठ्या आईनं विचारलं, "काय सांगतलं होतं?"

"का माझ्या नंदंकडे मोटार हाय म्हनून. तू पयल्यांदा आली होती ना सांगाले, त्याच वर्षी. माझ्या भावजयीनं विचारलं, मंग तू कवा बसली? मी म्हटलं, ड्रायव्हर सुटीवर हाय." मामीनं पदराखाली बोटांवर फुंकर घातली. "अजूनही हासते थे मले. येवढी पोरंसोरं झाली तिले, तरी हासते. तुले बोलत होती मी, पन मलेही कोनी बोलत होतं ना, बाई."

मोठ्या आईनं तिच्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं आता रडतील दोघी, आणि मी रुमाल काढून तयार ठेवला. पण मोठी आई म्हणाली, "हाय का थे अजून? का गेली?"

"जायला काय झालं तिले! डोळेही टनटनीत हायत."

"चहा-पानी होऊ दे मंग. जेवून निघू." आणि माझ्या बायकोला, "सूनबाई, अड्याळ कोनत्या रस्त्यानं हाय, ह्याले विचार."

मी सांगणार होतो की ते दुसऱ्या टोकाला आहे, की अंधार पडेल, की इंजिन अजून नवं आहे. पण मामी तोवर उतरून भिंतीच्या आधारानं घरात निघाली होती. नातसुनेला ओरडून तिचं हिरवं लुगडं पेटीतून काढायला सांगत होती. जेवताना तिनं माझ्या ताटात भातावर भात वाढला, डोळ्यांनी दिसत नाही ह्या सबबीवर.

निघताना पुन्हा भांडण झालं. खिडकीशी कोण बसणार. दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत हे माझ्या बायकोनं समजावलं, पण दोघींना घराकडची, लोक दिसतील ती, डावी बाजू हवी होती.

"तुले दिसत नाही तं खिडकी कायले पाहिजे, वहिनी?"

"मले नाही दिसत, बाई. पन मी दिसली पाहिजे ना!"

मोठी आई सरकली. बायकोनं चोक ओढला, इंजिन खाकरून सुरू झालं, आणि मामीनं काच पुरती खाली करून गल्लीकडे तोंड केलं, पदर कपाळावर नीट ओढला आणि मला म्हणाली, "भाच्या, अड्याळची पाटी दिसली का मले सांगजो. हॉरन मी वाजवीन."